राणीच्या नावाची मिल, राणीच्या नावाचा मॉल

मॉलची नावं कशी ठेवतात हे एकदा नीट बघा. सेंट्रल, सिटी, प्लाझा, स्क्वेअर, नाहीतर काहीतरी 'वर्ल्ड'. त्या नावाचा त्या जागेशी संबंध असलाच पाहिजे असं काही नाही. पुण्यातला मॉल उचलून इंदूरला ठेवला तरी नाव बदलावं लागणार नाही. नागपूरचा एम्प्रेस मॉल मात्र याला अपवाद आहे. तिथे जाणाऱ्या शंभरातल्या नव्वद पोरापोरींना वाटतं की जरा भारी, इंग्रजी, राजेशाही वगैरे वाटावं म्हणून हे नाव दिलंय. कॉलेजात असताना आमच्या ग्रुपचंही हेच मत होतं. थोडक्यात, मत वगैरे काही नव्हतंच. शुक्रवारी सबमिशन, शनिवारी पिक्चर, एवढाच त्या इमारतीशी आमचा संबंध.

पण ही एम्प्रेस खरीखुरी होती. व्हिक्टोरिया राणी. आणि नाव मॉलने शोधलेलं नाही, ते जागेबरोबर आलंय.

१ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीत मोठा दरबार भरला आणि लॉर्ड लिटनने व्हिक्टोरिया ही आता हिंदुस्थानची सम्राज्ञी आहे अशी घोषणा केली. त्याच दिवशी नागपुरात जुम्मा तलावाच्या काठी एक कापड गिरणी सुरू झाली. कंपनीचं अधिकृत नाव एका दमात घेता येणार नाही इतकं लांब: सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी लिमिटेड. हे नाव कुणी कधी घेतलंही नसेल. दिवसाचा मुहूर्त बघून गिरणीला एम्प्रेस मिल म्हटलं गेलं आणि तेच टिकलं. मालकाचं नाव जमशेटजी टाटा, वय ३७. टाटा म्हटल्यावर आपल्याला स्टील आठवतं, ट्रक आठवतात, आणि आमच्या धंद्यातल्या निम्म्या लोकांना पहिली ऑफर लेटर आठवते. पण टाटांचा पहिला मोठा, खऱ्या अर्थाने जमलेला उद्योग म्हणजे ही नागपूरची मिल. जमशेदपूर त्यानंतर कितीतरी वर्षांनी आलं.

आता प्रश्न असा की नागपूर का? मुंबईत तेव्हा गिरण्यांची लाट होती. कावसजी दावरांनी १८५४ साली ताडदेवला पहिली गिरणी काढायला घेतली, ती १८५६ मध्ये चालू झाली, आणि त्यानंतर चिमण्या वाढतच गेल्या. जमशेटजींनी स्वतः १८६९ च्या सुमारास चिंचपोकळीला एक बंद पडलेली तेलगिरणी घेऊन तिची कापडगिरणी केली आणि नंतर नफ्यात विकून टाकली. म्हणजे मुंबईत धंदा कसा करायचा हे त्यांना माहीत होतं. तरी हा माणूस लँकेशायरला जाऊन गिरण्या बघून आला आणि परत आल्यावर मुंबई सोडून थेट नागपूर गाठलं. लोकांना हे विचित्र वाटलं असणार.

याचं उत्तर आमच्या भागात आहे, म्हणून थोडं तिकडे जाऊन येऊ.

माझं गाव किन्हीराजा. तालुका मालेगाव, जिल्हा वाशिम. (नाशिकचं मालेगाव नव्हे. हा खुलासा मी कॉलेजपासून आजपर्यंत किमान पाचशे वेळा केला असेल.) वाशिम स्वतंत्र जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला, त्याआधी आम्ही अकोल्यात होतो. गंमत म्हणजे इंग्रजांच्या काळातही 'बासिम' नावाचा जिल्हा होता, तो १९०५ मध्ये मोडला आणि बराचसा अकोल्यात घातला. हा सगळा वऱ्हाड. १८५३ साली निजामाने कर्जाच्या बदल्यात वऱ्हाड इंग्रजांकडे दिला. कागदावर मालक निजाम, कारभार इंग्रजांचा. इंग्रजांना या मुलखात इतका रस का, तर काळी जमीन आणि तिच्यातली पऱ्हाटी. आमच्याकडे कपाशीच्या झाडाला पऱ्हाटी म्हणतात.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं. तिथल्या दक्षिणेकडच्या राज्यांचा कापूस मँचेस्टरला जाईना. गिरण्या उपाशी बसल्या आणि सगळ्यांच्या नजरा हिंदुस्थानाकडे वळल्या. मुंबईत पैशाचा पाऊस पडला, शेअरचा सट्टा झाला, आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच सगळं धाडकन कोसळलं. डॉटकॉम बबल वगैरे आपण फार नवीन समजतो! त्या पडझडीत टाटांच्या घरालाही जबर फटका बसला. मुंबईचा बुडबुडा फुटला, पण वऱ्हाडात एक गोष्ट मागे राहिली. ती म्हणजे रेल्वे. १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे वऱ्हाडातून थेट नागपूरला पोचली. १८७० मध्ये खामगावच्या कापूसबाजारासाठी खास छोटा फाटा टाकला, त्याच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो जातीने हजर होता. कापसाच्या बाजारासाठी व्हाइसरॉय! वऱ्हाडी कापसाला लिव्हरपूलच्या बाजारात 'ऊमरा' म्हणायचे. ऊमरा म्हणजे उमरावती, आपली अमरावती. आखूड धाग्याचा, स्वस्त माल. वर्ध्याकडचा 'हिंगणघाट' मात्र लांब धाग्याचा म्हणून नावाजलेला.

म्हणजे चित्र असं होतं: कापूस इथे पिकायचा, आगगाडीने मुंबईला जायचा, बोटीने लँकेशायरला जायचा, कापड होऊन त्याच वाटेने परत यायचा आणि नागपूरच्या इतवारीत विकला जायचा. प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी आपला वाटा काढून घ्यायचा. आमच्या भाषेत बोलायचं तर डेटा इथे, सर्व्हर सातासमुद्रापलीकडे, आणि प्रत्येक रिक्वेस्टला दोन्हीकडचं भाडं. जमशेटजींनी सर्व्हरच डेटाजवळ आणला. कापूस शेजारी, वरोऱ्याचा दगडी कोळसा हाताशी, रेल्वे दारात आणि गिऱ्हाईकही इथलंच. आज हे कुणीही सांगेल. १८७४ मध्ये, म्हणजे १५ लाखांच्या भांडवलाची कंपनी काढून ३,००० शेअर खपवायचे होते तेव्हा, ते सांगणं इतकं सोपं नव्हतं.

जागेचा किस्सा तर नागपुरात प्रसिद्ध आहे. तलावाकाठची ती जमीन दलदलीची होती, म्हणून स्वस्त. आधी ती भरून काढायला लागली. तिथल्या एका मारवाडी सावकाराकडे पैसे मागितले तेव्हा तो म्हणाला की हा माणूस जमिनीत सोनं गाडतोय, आपण यात पडणार नाही. पुढे मिल धो धो चालायला लागल्यावर त्यानेच कबूल केलं म्हणे, की यांनी माती गाडली आणि सोनं काढलं. किस्सा टाटांच्या चरित्रांतून आलाय, तेव्हा थोडं मीठमसाला धरून चाला. जमीन भरून काढली हे मात्र खरं. तो जुम्मा तलाव म्हणजेच शुक्रवारी तलाव, म्हणजेच आजचा गांधीसागर. आज मॉलमधून बाहेर पडलात की जवळच जे पाणी दिसतं ते हेच.

मिल सुरू झाली तेव्हा सुमारे ३० हजार चात्या आणि ४५० माग होते. मॅनेजर म्हणून जमशेटजींनी बेझनजी मेहतांना आणलं. हे गृहस्थ रेल्वेच्या मालवाहतूक खात्यातले. कापडाचा अनुभव शून्य. तांत्रिक बाजू सांभाळायला जेम्स ब्रुक्सबी नावाचा इंग्रज. सुरुवातीची यंत्रं स्वस्तातली निघाली, सूत बरं येईना, कामगार रोज येतीलच याची खात्री नाही. एवढ्या अडचणी असताना या लोकांनी काय केलं, तर १८८३ मध्ये अमेरिकेतलं तेव्हाचं नवं तंत्र, रिंग स्पिंडल, आणून दोन फ्रेमवर प्रयोग सुरू केले. लँकेशायरच्या कारखानदारांचा अजून त्यावर विश्वास नव्हता, त्यांचं जुन्या म्यूलवर भागत होतं. नागपूरच्या दलदलीत उभी राहिलेली मिल मँचेस्टरच्या आधी पुढचं व्हर्जन वापरत होती! मला या सगळ्या इतिहासातला सर्वात आवडता भाग हाच आहे. पायलट प्रोजेक्ट, दोन मशीन, आकडे बघा, मग रोलआउट.

दुसरी गोष्ट माणसांची. गैरहजेरीवर उपाय म्हणून दंड लावण्याऐवजी बक्षिसं ठेवली. १८८० च्या दशकात पेन्शनची सोय, १८९५ पासून अपघात झाल्यास भरपाई, १९०१ मध्ये प्रॉव्हिडंट फंड. देशात अपघात भरपाईचा कायदा झाला १९२३ ला आणि पीएफचा कायदा १९५२ ला. तुमच्या-माझ्या पे-स्लिपवर दर महिन्याला जी कपात बघून आपण कुरकुरतो, ती एम्प्रेसच्या कामगाराच्या पगारातून आपल्या पणजोबांच्या काळात होत होती. मी टाटांचा भाट नाही. मिल शेवटी मिलच. उष्णता, कापसाचे तंतू, लांबच लांब पाळ्या, हे तिथेही होतंच. पण शंभर सव्वाशे वर्षांपूर्वीच्या मालकाने कुठल्याही कायद्याशिवाय हे केलं, याची नोंद घ्यायला हवी.

मिलमुळे नागपूर बदललं. हातमागावरच्या कोष्ट्यांच्या जोडीला सगळ्या विदर्भातून माणसं आली. त्यात दलित समाजातली माणसं फार मोठ्या संख्येने होती. गावकीच्या कामातून सुटून महिन्याचा रोख पगार मिळणं याचा अर्थ त्यांच्यासाठी काय होता हे आपण नुसतं कल्पनेने समजू शकतो. मुंबईच्या गिरण्यांत त्यांना कपडाखात्यात घेत नसत, कारण धोट्यातून धागा तोंडाने ओढायला लागायचा आणि इतरांना तो विटाळ वाटायचा; १९२८-२९ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न जाहीरपणे मांडला. पुढे नागपूर आंबेडकरी चळवळीचं बलस्थान झालं, त्यात या गिरणी कामगारांचा वाटा आहे. उत्तर नागपुरातलं बेझनबाग ऐकलंय? मिलच्या कामगारांसाठी वसवलेली वस्ती, आणि बेझन म्हणजे मॅनेजर बेझनजी मेहता. मालकाच्या नाही, मॅनेजरच्या नावाची. आमच्या कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजरच्या नावाने कॉन्फरन्स रूमसुद्धा नाही.

आमच्या आजीचा एक मावसभाऊ एम्प्रेसमध्ये साचेखात्यात होता. आधी बदली, मग कायम. गावाकडे दिवाळीला आला की त्याच्या हातात घड्याळ असायचं आणि तो सगळ्यांना भोंग्याच्या वेळा सांगायचा, असं आजी सांगते. आमच्या घरात 'एम्प्रेस' शब्दाचा अर्थ हा असा. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी सुट्टीत घरी गेलो होतो. आबांनी विचारलं, शनिवार-रविवार काय करता रे तुमी लोकं? मी म्हटलं, एम्प्रेसला जातो. आबा एकदम ताठ बसले.

"काहून? मिलमंदी लागला का तू?"

"नाही आबा, पिक्चर पाहाले."

"मिलमंदी पिक्चर?"

मी समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "मंग कापूस कुठी जाते आता?"

तेव्हा मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. नंतर डोक्यातून गेला नाही तो प्रश्न.

मिल गेली कशी, ते थोडक्यात. स्वातंत्र्यानंतर यंत्रं जुनी होत गेली, यंत्रमागाचं स्वस्त कापड आलं (भिवंडी, इचलकरंजी आणि ते दुसरं मालेगाव), टेरिलिनसारखे कृत्रिम धागे आले. मुंबईत १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांचा संप सुरू झाला, त्याची कथा सगळ्यांना माहीत आहे. नागपूरची गोष्ट कमी लोकांना माहीत असते. टाटांची कंपनी दिवाळ्यात गेली आणि १९८६ मध्ये राज्य सरकारने खास कायदा करून एम्प्रेस ताब्यात घेतली, ती राज्य वस्त्रोद्योग महामंडळाकडे दिली. सरकारी छत्राखाली ती आणखी पंधराएक वर्षं तगली आणि २००२ मध्ये बंद झाली. सव्वाशे वर्षं. पुलगाव, बडनेरा, अकोला, इथल्या गिरण्यांचे भोंगेही एकेक करून थांबले.

मग जमीन. गिरणी आणि मॉल यांचा संबंध मला आधी निव्वळ योगायोग वाटायचा. पण जरा विचार केला तर त्याशिवाय दुसरं काही होण्याची शक्यताच कमी होती. गावठाण शहराच्या मधोमध एवढी मोठी, सलग, एकाच सातबाऱ्यावरची, स्टेशनजवळची जागा दुसरी कुठे मिळणार? रेल्वेजवळ हवी म्हणून घेतलेली बाहेरची दलदल शंभर वर्षांत शहराचं पोट होऊन बसली. एका बाजूला कॉटन मार्केट, पलीकडे सीताबर्डी. मुंबईत हेच घडलं. लोअर परळची फिनिक्स मिल, स्थापना १९०५. तिच्या आवारात नव्वदच्या दशकाच्या शेवटी बोलिंग अ‍ॅली निघाली, नंतर दुकानं, नंतर पॅलेडियम. चिमणी अजून उभी आहे, लोक तिच्यासमोर सेल्फी काढतात. मुंबईत निदान गिरण्यांच्या जमिनीवर भांडण झालं. १९९१ च्या नियमाने एक तृतीयांश महापालिकेला, एक तृतीयांश म्हाडाला आणि उरलेली मालकाला असं ठरलं, २००१ मध्ये ते 'फक्त मोकळ्या जमिनीपुरतं' असं बदललं, प्रकरण हायकोर्टात गेलं, मार्च २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने बदल कायम ठेवला. कामगारांना घरं मिळाली ती फार थोड्यांना आणि फार उशिरा, पण एक लढा तरी उभा राहिला, पुस्तकं लिहिली गेली, नाटक-सिनेमे आले. नागपूरच्या मिलवर असं किती आलं? आपल्याकडे इतिहास म्हटलं की भोसल्यांचा नाहीतर संत्र्यांचा.

एम्प्रेसच्या जमिनीवर घरं, दुकानं आणि मॉल असा एम्प्रेस सिटी प्रकल्प आला आणि २०१० च्या सुमारास मॉल सुरू झाला. मिलचं नाव त्यांनी ठेवलं, हे मला आवडतं. पण गोष्ट इथेही संपत नाही. मॉल बांधणारी कंपनी ज्या उद्योगसमूहातली, तो समूह मूळचा कापड धंद्यातलाच. बँकांच्या कर्जफसवणुकीच्या आरोपांवरून त्या समूहाची चौकशी लागली आणि २०१९ मध्ये ईडीने या मॉलवर तात्पुरती टाच आणली. किंमत लावली ४८३ कोटी. ज्या जागेसाठी नागपूरच्या सावकाराने दमडी काढली नव्हती तिची ही किंमत. अर्थात ही किंमत कापडाची नाही. जागेची आणि भाड्याची. मिल रोज काहीतरी तयार करायची. मॉल रोज काहीतरी विकतो. दोन्हीत रोजगार आहे, पण साचेखात्यातला माणूस पंचवीस वर्षांनी पीएफ आणि पेन्शन घेऊन निघायचा. मॉलच्या दारात मेटल डिटेक्टर धरून उभा असलेला सिक्युरिटीवाला कंत्राटदाराचा असतो, आणि कंत्राटदार दरवर्षी बदलतो. आता एखादा म्हणेल, तू स्वतः आयटीत, तुलाही काल दुसऱ्या क्लायंटवर टाकलं, उद्या बेंचवर बसवतील. मान्य. म्हणूनच तर हे लिहितोय.

आता आबांचा प्रश्न. शनिवारी बसून हिशेब केला. एक क्विंटल कापूस म्हणजे सरकीसकट वेचलेला कापूस. जिनिंगमध्ये त्यातून साधारण ३४ किलो रुई निघते, बाकी जवळपास सगळी सरकी. सूतकताई-विणाईत घट धरली, वीस टक्के म्हणू, तर हातात २७ किलो राहतं. एका शर्टाला पाव किलो कापड धरा. म्हणजे एका क्विंटलचे १०८ शर्ट. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल होता. भागाकार केला तर शर्टामागे शेतकऱ्याला ७५ रुपये, तेही सरकीची किंमत त्यातच धरून. बियाणं, खत, फवारणी, वेचणीची मजुरी जायची आहे ती यातूनच. आणि हमीभाव मिळाला तर! ओलावा जास्त म्हणून परत पाठवलेली गाडी मी पाहिली आहे. मॉलमध्ये त्या शर्टावर पंधराशे ते दोन हजारांची पट्टी. बाकीचे पैसे कताई, विणाई, रंगाई, शिलाई, ब्रँड, जाहिरात, जागेचं भाडं यांच्यात वाटले जातात, आणि यातलं जवळपास काहीच आता वऱ्हाडात होत नाही. १८७७ मध्ये निदान कताई आणि विणाई जवळ आली होती. आपण परत ऊमरा विकायला लागलो, इतकंच की बोट लिव्हरपूलला जात नाही, ट्रक तामिळनाडूला नाहीतर गुजरातला जातो.

रस्ता मात्र आता झकास झालाय. पूर्वी कारंज्याहून कापूस मूर्तिजापूरला न्यायला एका ब्रिटिश कंपनीने नॅरोगेज टाकली होती, लोकांची लाडकी शकुंतला. ती आता धावत नाही. त्याऐवजी ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग वाशिम जिल्ह्यातून जातो. नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला. मला कॉलेजच्या वेळी एसटीने अर्धा दिवस लागायचा, आता चारचाकी असेल तर तीनेक तास. गाठी भरलेले ट्रकही तितकेच वेगात बाहेर जातात. अमरावतीला 'पीएम मित्र' नावाचं मोठं टेक्स्टाइल पार्क होतंय, सप्टेंबर २०२४ मध्ये वर्ध्याहून त्याची पायाभरणी झाली. कागदावर तीच जमशेटजींची कल्पना आहे: कापसाजवळ सूत, सुताजवळ कापड, कापडाजवळ शिलाई. ते उभं राहिलं तर बघायला मी नक्की जाईन, आणि पीएफ कापतात का हेही विचारेन :)

परवा गावी फोन केला होता. काकांनी या वर्षी आठ एकरांपैकी दोनच एकर पऱ्हाटी ठेवली, बाकी सोयाबीन. मी विचारलं, का? म्हणाले, वेचायला बाया भेटत नाहीत आणि बोंडअळीचा नेम नाही. सोयाबीन एका दिवसात मशीनने काढून होते. दोन एकरांचा कापूस जिनिंगवर घातलाय, पैसे पुढच्या आठवड्यात येतील.